एकट्याच्या खेळाचा दरवान

लखदर बेकरीवाल्याचं डोकं एकाच विषयावर फिरायचं, आणि तो विषय काढण्याची हौस रोज कुणाला ना कुणाला असायचीच. आमच्या बंदराच्या गावात, तिजदित मोहल्ल्याच्या उतारावर जल्लूलचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. संध्याकाळी तिथे पाच-सहा जण कॉफीचे कागदी पेले धरून उभे असायचे. त्यातला एखादा आगाऊ पोरगा मुद्दाम विचारायचा, "काय लखदरकाका, आज खेळायची परवानगी मिळाली का?" की झालं. लखदर पेला काउंटरवर ठेवायचा आणि सुरू व्हायचा.

"मला एवढंच सांग, खेळ एकट्याने खेळायचा ना? समोर दुसरं माणूस नाही. घर माझं, टीव्ही माझा, विजेचं बिल मी भरतो. मग मी खेळायला बसलो हे समुद्रापलीकडच्या कंपनीला कळवायचं कशाला? चारजण मिळून खेळत असू तर ठीक आहे, तिथे पंच लागतो. पण घरात एकटा पत्ते लावत बसलेल्या माणसाच्या दारात दरवान उभा करायचा? का रे बाबा?"

"पत्ते फाटतात, काका. डिस्कवर चरे पडतात. अकाउंटला काही होत नाही. जगात कुठेही जा, नाव टाका, खेळ हजर."

"चरा पडला तर माझ्या हातून पडेल. आणि नाव टाकल्यावर दरवान म्हणाला, आज नाही, तर?"

"असं कशाला म्हणेल तो?"

"त्याची मर्जी. दार त्याचं आहे."

पोरं हसायची. जल्लूलही हसायचा, पण त्याचं हसू दुकानदाराचं होतं. तो दोन्ही विकायचा. मागच्या फळीवर जुन्या डिस्क धूळ खात पडल्या होत्या, आणि पुढे काचेखाली इंटरनेटवरून खेळ विकत घ्यायची कार्डं, ज्यांच्यावर त्याचं पोट चालायचं. "अरे लखदर," तो म्हणायचा, "हल्ली डब्बा आणला तरी आत डिस्क नसते. नुसता कोड लिहिलेला कागद. मी काय करू, कागदाला भोक पाडून फिरवू?"

हे दोघे कर्फ्यूच्या वर्षांतले सोबती. नव्वदच्या दशकातल्या यादवीत आमच्याकडे दिवस मावळला की दारं बंद व्हायची आणि सकाळपर्यंत उघडायची नाहीत. बाहेर कोण मारतंय आणि कोण मरतंय हे विचारायचीही सोय नव्हती. विशी-बाविशीतली पोरं कड्या लावून घरात बसायची. कुणाच्या तरी फ्रान्समधल्या मामाने आणलेलं एक यंत्र आणि एक डिस्क, एवढ्यावर अख्ख्या गल्लीचे हिवाळे निघाले. तेव्हापासून तिजदितमध्ये एक रीत पडली. यंत्र आणि डिस्क पुढच्याला द्यायची ती आत साठवलेल्या आपल्या अर्ध्या खेळासकट. आदल्याने जिथपर्यंत नेलं, तिथून पुढच्याने उचलायचं. लखदर एखादा डोंगर चढून ठेवायचा, जल्लूल तो उतरायचा. दोघं एका खोलीत बसून कधीच खेळले नाहीत, आणि तरी सगळे खेळ त्यांनी बरोबर खेळले. बाहेरच्याला हे समजत नाही. समजावत बसायचा मला कंटाळा आहे.

पुढे लखदर पहाटेच्या भट्टीवर लागला, त्याचं लग्न झालं, खैरा घरात आली, नसीम झाला. भट्टीवाल्याचा दिवस दुपारी रिकामा असतो. जेवून एक झोप झाली की लखदर टीव्हीपुढे बसायचा. खेळ असे निवडायचा की ज्यात घाई नाही, गोळीबार नाही. एकटा माणूस कुठेतरी चाललाय, वाटेत मुक्काम करतोय, असे. पन्नाशी उलटली तरी सवय सुटली नाही. खैरा म्हणायची, "इतर बायकांचे नवरे कॉफीच्या दुकानात कुजतात, माझा निदान नजरेसमोर कुजतो."

नसीम मोठा झाला तेव्हा खेळ टीव्हीवरून कॉम्प्युटरवर गेले आणि दरवान घरात आला. लखदरने त्या यंत्राला हात लावायचं नाकारलं. पण पोरांनी बापांची रीत सोडली नाही, एवढं मात्र त्याला बरं वाटायचं. जल्लूलचा सूफियान आणि नसीम पाळण्यापासूनचे जोडीदार. खेळ नसीमने घ्यायचा, पासवर्ड सूफियानलाही द्यायचा. एक अकाउंट, दोघे खेळणारे. कंपनीचा नियम एका माणसाचा होता, पण तिजदितची रीत कंपनीला कोण सांगणार? अडचण एवढीच, की एक जण बसलेला असताना दुसऱ्याने आपल्या घरी खेळ उघडला की पहिला बाहेर फेकला जायचा. मग गच्चीवरून आरडाओरडा. "ए गाढवा, मी सेव्ह केलं नव्हतं!" "मग सांगून बसायचं ना!" उभ्या गल्लीला कळायचं की आता खेळात कोण आहे.

त्या जूनमध्ये बारावीच्या परीक्षा लागल्या आणि दरवर्षीसारखं पेपरच्या वेळात सगळ्यांचं इंटरनेट बंद पडलं. नसीम भर दुपारी कॉम्प्युटरपुढे बसला होता. बावीस वर्षांचा घोडा, हाताला काम नाही, व्हिसाचा अर्ज दुसऱ्यांदा परत आलेला. पडद्यावर एकच वाक्य होतं, की जोडणी तपासून पुन्हा प्रयत्न करा. लखदर झोपेतून उठून आला, त्याने ते वाचलं आणि तो मोठ्याने हसला. कित्येक वर्षांची लढाई जिंकल्यासारखा हसला.

"काय रे? झोपला का तुझा दरवान? उठव त्याला. हात जोड. म्हण, साहेब, माझाच खेळ आहे, जरा आत सोडा."

नसीम वळला नाही. "बाबा, इथे उघडतं काय? एक दार सांगा मला, उघडणारं."

लखदरला तेव्हाच गप्प व्हायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही. "मग जा ना," तो म्हणाला, "जिकडे दारं उघडी आहेत तिकडे जा. मला तरी दुपारची शांतता मिळेल."

त्याच आठवड्यात नसीम आणि सूफियान समुद्रापलीकडे जाणाऱ्या चोरट्या बोटीने गेले. घरी सांगितलं की मासे धरायला जातोय. आमच्या किनाऱ्यावरून मासे धरायला गेलेली किती पोरं परत आली नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी प्रत्येक आई ते वाक्य ऐकते आणि डब्यात पाव-अंडी भरून देते. खैरानेही दिली.

मग बातम्या यायला लागल्या, एकीचा मेळ दुसरीशी नाही. बोट स्पेनला लागली. बोट निघालीच नाही. शेवटी जी टिकली ती अशी, की बोट वाटेत उलटली आणि एका मालवाहू जहाजाने काहींना उचललं. कोण उचलले गेले आणि कोण नाही, ती नावं कुणाकडेच नव्हती. लखदर आणि जल्लूल रोज बंदरावर जायचे, कचेऱ्यांत जायचे, फोटो दाखवायचे. फोटो दोघांचा एकच होता, पोरांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून काढलेला. त्यामुळे एकाने दाखवला तरी चालायचं.

खैराने जेवण सोडलं नाही, पण ती उभ्याने खायची. ताटावर बसायचीच नाही.

एका दुपारी जल्लूल आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "लखदर, एक विचारू? चिडशील."

"विचार."

"तो तुझा दरवान. कोण आलं, कधी आलं, किती वेळ बसलं, हे सगळं लिहून ठेवतो म्हणून तू दुकानात बोंबलायचास. खरंच ठेवतो ना?"

लखदर उठला. मग दोघेही नसीमच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरवर खैराने चादर घातली होती. जल्लूलने यंत्र चालू केलं. पासवर्ड मागितला गेला नाही, पोराने सगळं उघडंच ठेवलं होतं. नसीमचे खेळ एकाखाली एक दिसले. सगळ्यात वर तो, ज्यात एक निरोप्या खेचर घेऊन डोंगर ओलांडत असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत होतं: शेवटचा खेळ, काल.

"काल," जल्लूल म्हणाला. त्याने पुन्हा वाचलं. "लखदर, काल!"

खैरा धावत आली. लखदरने पडद्यावर बोट ठेवलं. ती वाचायला शिकलेली नव्हती, पण बोट कुठे आहे आणि चेहऱ्यावर काय आहे ते तिने पाहिलं, ती खाली बसली आणि तिने कपाळ जमिनीला टेकलं. लखदर रडला. जल्लूल त्याला धरून रडला. ज्या गोष्टीला आयुष्यभर शिव्या घातल्या तिचे आभार मानावेत असं लखदरला मनापासून वाटलं आणि त्यात त्याला जराही कमीपणा वाटला नाही.

जल्लूल निघाला तेव्हा जिन्यात थबकला. दोघांच्या एकदमच ध्यानात आलं असावं. पण बोलला जल्लूल.

"म्हणजे दोघंही असतील. बरोबरच असतील ना."

"हो," लखदर म्हणाला. "बरोबरच असतील."

पण रीत दोघांनाही माहीत होती. एक अकाउंट, दोघे खेळणारे. दरवानाने नाव लिहून घेतलं होतं ते अकाउंटचं, आत शिरणाऱ्या माणसाचं नाही. आणि दोघं असते, तर दोघांपैकी एकाने तरी घरी फोन केला असता.

लखदरने मग जे केलं ते दुकानातल्या पोरांना सांगितलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. त्याने स्वतःच्या नावाचं अकाउंट काढलं. नाव, जन्मसाल, गाव, जे जे विचारलं ते मुकाट लिहिलं, आणि नसीमच्या नावाला मैत्रीची विनंती पाठवली. ती तिकडून स्वीकारली गेली तरच निरोप लिहिता येणार होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण खेळ मात्र त्यानंतर रोज लागू लागला. आधी एखाद-दोनदाच लागला होता, आता न चुकता, आणि तोही दुपारचा, लखदर जेवून बसतो त्या सुमाराला. नावापुढे हिरवा ठिपका यायचा आणि लिहिलेलं असायचं की आता खेळत आहे.

तो ठिपका बघायला लखदर भट्टीवरून धावत यायचा. एकट्याने खेळत बसलेल्या माणसावर डोळा ठेवू नये, हे त्याचं म्हणणं. आता तो स्वतः रोज दोन-दोन तास डोळा ठेवून बसायचा. खेळ तो उघडत नसे. नुसता ठिपका बघायचा. "हात लावू नकोस," जल्लूलने बजावलं होतं. "आपण इथून उघडला की तिकडचा बाहेर फेकला जाईल. त्याला वाटेल चोर शिरला. पासवर्ड बदलेल, मग हेही गेलं."

जल्लूलही रोज यायचा. कधी चण्याच्या पिठाची गरम करान्तिका कागदात बांधून आणायचा. दोघे खुर्च्या लावून बसायचे आणि पडद्याकडे बघायचे, पण एकमेकांकडे नाही. पहिले काही दिवस "पोरं" म्हणून बोलणं व्हायचं. पोरं काय खात असतील, पोरांना थंडी वाजत असेल. हळूहळू तो शब्द गेला. एकदा जल्लूल सहज म्हणाला, "निवांत खेळतोय. सूफियान असाच निवांत खेळायचा." लखदरच्या अंगाचा तिळपापड झाला. "नसीमचं अकाउंट आहे ते," तो म्हणाला. जल्लूल करान्तिकेच्या कागदाची नीट घडी करत बसला.

त्या दुपारी तो गेल्यावर लखदरला स्वतःची लाज वाटली. आपण नमाजात काय मागतो, ते त्याने मनाशी उघड करून पाहिलं. आपल्या पोराचा जीव मागताना आपण रोज कुणाचा तरी नाकारत होतो. सूफियानचा. ज्याला त्याने मांडीवर खेळवलं होतं, भट्टीतला पहिला पाव ज्याच्या हातावर फुंकर मारून ठेवला होता, त्याचा. जल्लूलही आपल्या घरी बसून हेच मागत असणार. आणि तो तरी दुसरं काय मागणार?

शेवटी तोंड उघडलं ते खैराने. दोघे बसलेले असताना ती दाराशी येऊन उभी राहिली.

"तुमचं हे किती दिवस चालायचं?"

"वहिनी, निदान कुणीतरी आहे तिथे," जल्लूल म्हणाला.

"कुणीतरी." ती म्हणाली. "जल्लूल, तुझी बायको आणि मी एका नळावर धुणं धुतलेल्या बाया. आता ती समोर दिसली की मी गल्ली बदलते, मी दिसले की ती बदलते. का ते तुलाही ठाऊक आहे आणि यालाही. मला कुणीतरी नकोय. मला कोण ते सांगा. माझा नसेल तर नसेल म्हणून सांगा, मी रडून घेते. हे असं अर्धं मला जमत नाही." आणि ती आत गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला नाही. तिने नुसता नळ सोडला.

हिरवा ठिपका लागलेला होता. लखदरने खुर्ची पुढे ओढली.

"नको," जल्लूल म्हणाला.

"त्यांच्या गच्चीवरच्या बोंबा आठवतात ना तुला? बाहेर फेकलं गेलं की पहिलं काय करायचे?"

"लखदर, नको. असंच राहू दे. हे असं तरी राहू दे."

"तुला तुझा नकोय?"

जल्लूलने तोंडावर हात घेतला. "मला तू पण हवा आहेस," तो म्हणाला. "उद्या कुठल्या तोंडाने येऊ मी तुझ्या घरी? किंवा तू माझ्या?"

लखदरने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मग खेळ उघडला. पडद्यावर चौकट आली. हे अकाउंट सध्या दुसऱ्या ठिकाणी वापरात आहे. इथे सुरू केल्यास तिथला खेळ बंद होईल. सुरू करायचा?

त्याने दाबलं.

डोंगर आला, खेचर आलं, निरोप्या थांबलेला दिसला. लखदर वाट बघत राहिला की आता तिकडचा चिडून परत दाबेल आणि आपण बाहेर फेकले जाऊ. तसं काही झालं नाही. तिकडच्याने खेळ सोडून दिला होता. निरोप्या एका जागी उभा होता आणि खेचर मान हलवत होतं. जल्लूल पुटपुटत काहीतरी म्हणत होता, बहुतेक दुआ.

लखदरचा फोन वाजला. नंबर परदेशातला होता.

"हॅलो," तो म्हणाला. पलीकडे श्वास तेवढा ऐकू आला. लखदरने फोन कानाशी दाबला. "बोल बाळा. मी रागावलेलो नाही. तेव्हा बोललो ते तोंडातून गेलं रे. बोल."

"काका," पलीकडून आवाज आला.

लखदरने डोळे मिटले.

"काका, तुमची मैत्रीची विनंती आली तेव्हा मला कळलं की तुम्ही बघताय. मी त्याच्या आठवणीने एक-दोनदा उघडला होता, बाकी काही नव्हतं. पण तुम्ही बघताय म्हटल्यावर बंद करायचा धीर होईना. म्हणून रोज लावत होतो. तुमच्या वेळेला. मला वाटायचं, तेवढा वेळ तरी तुम्हाला..." पोरगा हुंदके द्यायला लागला. "घरी फोन केला असता तर बाबा खुश झाले असते आणि तुम्हाला कळलं असतं. मी धरलं होतं त्याला, काका. खूप वेळ धरलं होतं. हात बधिर झाले."

"हो," लखदर म्हणाला. "हो बाळा. मला माहीत आहे, तू धरलं असशील."

"काका, मला माफ करा."

"तुला जेवायला मिळतं ना तिकडे?"

"मिळतं."

"पोटभर?"

"हो, काका."

"मग ठीक आहे," लखदर म्हणाला. शेजारी जल्लूल खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. काय विचारावं, कुठे बघावं, त्याला कळत नव्हतं. लखदरने फोन त्याच्यापुढे धरला.

"घे. सूफियान आहे. गेला म्हणून त्याला ओरडू नकोस हं, काही झालं तरी ओरडू नकोस."

आत नळाचा आवाज थांबला होता. लखदर उठला, आणि खैराला सांगायला स्वयंपाकघरात गेला.